पहिलं पान काढून टाक

रत्नागिरी

चि. बायो,



तुझ्या प्रबंधाची प्रश्नावली वाचली. विषय मला आवडला हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बरीच कुरकुर आहे. कोकणातल्या वाड्यांमधून निघालेली मुलंमुली नाटक, मालिका, सिनेमा, जाहिराती, संगीत या धंद्यांत कशी शिरली, कुठवर पोचली, कुठे अडली, हे कुणीतरी नीट विचारायलाच हवं होतं. नमन-खेळ्यांत मृदंग वाजवणाऱ्याचा मुलगा मुंबईत साउंड रेकॉर्डिस्ट झाला की वाडीत त्याचं कौतुक होतं. पण तो तिथवर गेला कसा, सुरुवातीला कोणाच्या खोलीत पथारी टाकली, कोणाकडे फुकट राबला आणि आपलं घर-गाव कोणापासून लपवलं, हे कुणी लिहून ठेवत नाही. तू ठेवणार आहेस. म्हणूनच म्हणते, प्रश्नावलीचं पहिलं पान काढून टाक.

त्या पानावर तू मागितलंयस ते असं: पूर्ण नाव, वाडी, गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड, जन्मतारीख, लिंग, मोबाइल नंबर, जात, पोटजात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. कुठल्यातरी सरकारी अर्जावरून उचलल्यासारखं दिसतं. यातलं तुझ्या अभ्यासाला खरोखर काय लागतं? माणूस जिल्ह्याच्या साधारण कुठल्या भागातला आणि कुठल्या वयोगटातला, एवढं पुरे. जात लागेलच, त्याबद्दल पुढे बोलते. बाकीचं 'असू दे, पुढेमागे उपयोगी पडेल' म्हणून मागितलेलं आहे, आणि पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून जमवलेली माहिती पुढेमागे कोणाच्या उपयोगी पडेल ते आपल्या हातात नसतं.

'वाडी' हा शब्द तर आधी खोड. तू मुंबईत वाढलीस म्हणून तुला तो नुसता पत्ता वाटतो. आपल्याकडे कुणबीवाडी, भंडारवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी, ब्राह्मणवाडी अशा वाड्या आहेत. वाडी लिहिली की जात लिहिली. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. फलक बदलले किंवा बदलतील, पण नळावरच्या बाईला विचार, कुठली वाट कोणाकडे जाते ते ती फलकाशिवाय सांगेल. म्हणजे जातीच्या रकान्यात कुणी 'सांगायचं नाही' अशी खूण केली तरी वरच्या पत्त्यात ते तू आधीच काढून घेतलेलं असतं. विचारल्याशिवाय घेतलेली माहिती ती हीच.

शाळेत शिकवत असताना जनगणनेचं काम आम्हा मास्तरणींच्या गळ्यात पडायचंच. दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न, 'बाई, हे कोणाला दाखवणार?' माझ्याकडे उत्तर तयार असायचं, कारण १९४८ च्या जनगणना कायद्याचं १५ वं कलम माझ्या पाठीशी होतं. जनगणनेच्या नोंदी कोणाला उघडून बघता येत नाहीत आणि त्या पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, असं ते कलम सांगतं. त्या भरवशावर लोक बोलायचे. मुंबईला गेलेला नवरा नक्की कुठे आहे, घरात राहणारी दुसरी बाई कोण, हे सगळं कानावर यायचं आणि तिथेच राहायचं. आता २०२७ च्या जनगणनेत जातही विचारणार आहेत, १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची. तिथेही तो पहिला प्रश्न होईलच. तुझ्या वहीला मात्र असं कुठलं कवच नाही गो. तुझ्याकडे फक्त तुझा शब्द आहे, आणि तो कुठवर टिकेल हे तू आधीच ठरवायला हवंस.

आता तुझा सातवा प्रश्न. 'तुम्ही १४ वर्षांचे असताना वडिलांचा व्यवसाय काय होता?' हा प्रश्न कुठून आला ते मला कळलं. विलायतेतल्या सोशल मोबिलिटी कमिशनने तिथल्या नाट्य-चित्रपट-संगीत क्षेत्रातल्या संस्थांना हाच प्रश्न विचारायला सांगितलाय, आणि माणूस कुठल्या थरातून आला हे ओळखायला तो एकटा बराचसा पुरतो, असं तिकडचे अभ्यासक मानतात. पण मूळ प्रश्न तू मोडलास. त्यांनी वडील विचारलेले नाहीत. घरात सर्वांत जास्त कमावणाऱ्या माणसाचा व्यवसाय विचारला आहे. हा फरक आपल्याकडे तर फारच मोठा.

उर्मिला पवारांचं उदाहरण घे. आपल्या रत्नागिरीतल्या फणसवळ्याच्या. वडील शिक्षक होते, पण त्या लहान असतानाच गेले, आणि आईने बांबूची सुपं-टोपल्या विणून घर चालवलं. त्या विणकामावरूनच त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आलं, 'आयदान', २००३ सालचं. त्यांच्यासारख्या बाईने तुझ्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? 'शिक्षक' लिहिलं तर तुझ्या तक्त्यात त्या बऱ्यापैकी मध्यमवर्गात जाऊन बसतील. 'हयात नाहीत' लिहिलं तर रकाना कोरा. खरं उत्तर आई, आणि आई तू विचारलीच नाहीस.

दुसरं, 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना काही घरांत नुसता चुकीचा ठरत नाही, तो बोचतो. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये लिहिलं तेव्हा मधलं नाव आईचं लावलं. आई तमाशात नाचणारी, मुलगा पुढे डॉक्टर. आपल्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत आपल्यातच होता ना) आणि पलीकडे गोव्यात देवळाशी बांधलेल्या घराण्यांत मुलं आईच्या नावावरच वाढली. हिंदुस्थानी संगीतातली केवढी तरी मोठी नावं गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आली, आणि त्यांतल्या पुष्कळांनी गावाचं नाव आडनाव म्हणून घेतलं. कुर्डीच्या त्या कुर्डीकर, केरीच्या त्या केरकर. मुंबईत उभं राहायला ते आडनाव पुरलं. त्यांच्या पणतीला तू जर 'पणजोबा काय करायचे?' असं फॉर्मवर विचारलंस, तर तीन पिढ्यांनी जे दार शहाणपणाने लोटून घेतलं ते तू कुलूप तोडून उघडतेयस. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालं, तुझी प्रश्नावली अजून त्याच्याही मागे आहे.

तेव्हा प्रश्न असा कर: 'तुम्ही साधारण १४ वर्षांचे असताना घर मुख्यतः कोणाच्या कमाईवर चालायचं आणि ती व्यक्ती काय काम करायची?' खाली एक ओळ लिही, 'सांगायचं नसेल तर सोडून द्या.' आणि ती ओळ बारीक अक्षरात नको, प्रश्नाएवढ्याच अक्षरात. अर्ध्या घरांतून उत्तर येईल 'मुंबईची मनीऑर्डर'. या जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त बायका मोजल्या गेल्या, त्या मनीऑर्डर पाठवणारे पुरुष मुंबईत होते म्हणून. पण मग मिलमध्ये, गोदीत की कुणाच्या घरी, हे पुढे बोलता बोलता कळतं. फॉर्मवर मागू नये.

एक गोष्ट विलायतेतल्या पुस्तकात तुला सापडणार नाही. तिकडे आईबापाचा व्यवसाय म्हणजे वर्ग. आपल्याकडे व्यवसाय विचारला की पुष्कळदा जात सांगितली जाते, सांगणाऱ्याच्या मनात असो-नसो. देवळात पूजा आणि वाजप करणारा, ताडी काढणारा, बांबू विणणारा, मासे मारणारा. ब्रिटिशांनी १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये हे सगळे एकेक करून धंद्यानिशी मांडून ठेवलेत. तू तेच दीडशे वर्षांनी मोबाइलवर करणार असशील तर निदान तुझ्या लक्षात असू दे की तू काय करते आहेस.

आता ज्यासाठी हे पत्र लांबलं ते.

गावाला एक गोष्ट माहीत असते आणि मुंबईला दुसरी. मालिकेच्या सेटवर वेशभूषा करणारी आपल्याकडची एखादी मुलगी धर. गावाला तिची जात, घर, आईचं काम, बहिणीचं मोडलेलं लग्न, सगळं ठाऊक असतं. ती महिन्याला किती मिळवते, कोणाबरोबर राहते, हे ठाऊक नसतं. मुंबईत उलटं. तिथे तिचं काम, तिचे पैसे, कुठल्या निर्मात्याकडे तिचे बुडाले, हे सगळ्या युनिटला माहीत असतं. गाव आणि घर तिने तिथे सांगितलेलं नसतं, कारण सांगितल्यावर काय होतं ते तिने दुसऱ्या कोणाचं बघितलेलं असतं. ती सुरळीत जगते आहे ती या दोन माहित्या एकमेकींना भेटत नाहीत म्हणून. तुझा प्रबंध म्हणजे नेमकी ती भेट. एकाच पानावर तू तिची जात लिहिणार आणि तिचे पैसेही. गावातले लोक ते वाचतील पैशासाठी आणि सेटवरचे वाचतील जातीसाठी.

तू म्हणशील, आत्या, मी नाव बदलणार आहे. बदल गो. पण 'मंडणगड तालुक्यातली, तिशीतली, बौद्ध समाजातली, मालिकांसाठी वेशभूषा करणारी स्त्री' असं लिहिल्यावर नाव बदललंस काय आणि न बदललंस काय? मंडणगड तालुक्याची वस्ती २०११ ला सुमारे ६२ हजार. अशी बाई त्यात असून असून किती असणार?

अमेरिकेत लतान्या स्वीनी नावाच्या संशोधिकेने नव्वदच्या दशकात हे दाखवून दिलं. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचे दवाखान्यातले तपशील नावं काढून अभ्यासकांना दिले होते. तिने मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवला आणि खुद्द राज्याच्या गव्हर्नरांचा आजारपणाचा कागद शोधून काढला. पुढे तिने हिशेब मांडला की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील. तुझ्या पहिल्या पानावर त्या तिन्ही आहेत, वर वाडी. आणि इथे स्वीनीबाईंची गरजही नाही, कुठल्याही एसटी स्टँडवरचा चहावाला ते काम करील.

गावाला राग आला की काय होतं, तेही बघून ठेव. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावाचा अभ्यास कॉर्नेल विद्यापीठाच्या एका प्रकल्पातून झाला. कोणाला ओळखू येणार नाही असा शब्द गावाला दिलेला होता. आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांचं पुस्तक १९५८ मध्ये आलं, गावाला नाव दिलं 'स्प्रिंगडेल', माणसांनाही खोटी नावं. गावकऱ्यांनी वाचलं आणि प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखता आला. पुढे तिथल्या ४ जुलैच्या मिरवणुकीत लोकांनी पुस्तकातली खोटी नावं लावून, मुखवटे घालून फेरी काढली आणि मागून शेणखत पसरायच्या गाडीवर विडिचचा पुतळा वाकवून नेला. आमच्या शिमग्यात तुझं सोंग निघालं तर मी काही मध्ये पडणार नाही, आधीच सांगते.

तेव्हा तक्ते करताना तालुके एकत्र कर. मंडणगड-दापोली-खेड एक, चिपळूण-गुहागर-संगमेश्वर एक, रत्नागिरी-लांजा-राजापूर एक. वय दहा-दहा वर्षांच्या गटात. 'वेशभूषाकार' न लिहिता 'पडद्यामागचं काम'. ज्या रकान्यात पाचांपेक्षा कमी माणसं येतील तो छापू नको. तुझ्या गाइड म्हणतील, यात बारकावा हरवतो. हरवतो खरा. त्या बाईचं पुढचं काम हरवण्यापेक्षा ते परवडलं. नाटक-सिनेमाच्या धंद्यात कोणाला नोटीस देऊन काढत नाहीत, पुढच्या वेळी फोनच करत नाहीत.

आणि तरीही सगळ्यांची नावं पुसून टाकू नकोस. इथे तुमच्या विद्यापीठांच्या नियमांशी माझं भांडण आहे.

जाखडी नाचातला शाहीर गाण्याच्या शेवटी आपल्या गुरूचं, स्वतःचं आणि गावाचं नाव गुंफतो. शक्तीच्या पक्षाचा असो की तुऱ्याच्या, ते नाव हीच त्याची मिळकत. मुंबईतल्या दामोदर हॉलच्या तिकिटावर मंडळाचं नाव आलं की वाडीतली माणसं ते तिकीट जपून ठेवायची. अशा माणसाला तू 'सहभागी क्रमांक १४' केलंस तर त्याने आयुष्यभर जे कमावलं तेच काढून घेतलंस. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं, आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन. नावं पुढाऱ्यांची राहिली होती, या बायकांची नव्हती. दोघींनी जर त्या बायकांना खोटी नावं दिली असती तर पुस्तकाचा उद्देशच संपला असता. नाव झाकणं म्हणजे नेहमी माणसाची काळजी घेणं असं नाही. कधीकधी ते फक्त संशोधकाच्या सोयीचं असतं, कारण नाव नसलेल्या माणसाला श्रेयही द्यावं लागत नाही आणि मानधनही.

मग करायचं काय? दोन वह्या कर. एकीत कला: कोणाकडे शिकला, कुठलं सोंग घेतलं, कुठली चाल बांधली, मंडळ कधी उभं राहिलं. ही वही नावानिशी, तारखेनिशी, त्याला वाचून दाखवून, त्याने हो म्हटल्यावर. दुसरीत घर: जात, पैसा, कर्ज, कोणी फसवलं, कोणी बोट धरलं, काय लपवलं. ही वही क्रमांकावर, नाव नाही. आणि दोन्ही वह्यांत एकच आठवण येऊ देऊ नको. चिपळूणच्या २०२१ च्या पुरावर गाणं रचणारा शाहीर पहिल्या वहीत नावाने असेल आणि दुसरीत 'पुरावर गाणं रचणाऱ्या एका शाहिराने सावकाराकडून पैसे उचलले' असं आलं, की गाठ बसली. कुठलं वाक्य कुठल्या वहीत, हे त्यालाच विचार. लोकांना हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा चांगलं कळतं.

एक अडचण मात्र दोन वह्यांनीही सुटत नाही. मुलाखत एकाची असते आणि माहिती चौघांची. आई, भाऊ, सोडून गेलेली बायको, गुरू, यांना तू विचारलेलं नसतं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं तेव्हा त्यांच्याच माणसांतून नाराजी उमटली, की आमचं का उघड केलंस. लेखकाने स्वतःचं सांगायला कोणाची परवानगी घ्यावी, या वादात मी लेखकाच्या बाजूने आहे, कारण तो स्वतःही त्याच उघड्यावर उभा असतो. तू उभी नाहीस. तू मुलाखत घेणार आणि ठाण्याला परत जाणार. म्हणून तिसऱ्या माणसाबद्दलचं ऐकायचं सगळं, लिहायचं तेवढंच ज्याच्याशिवाय मुद्दा उभा राहत नाही.

संमतीपत्राबद्दल. तुझं संमतीपत्र मी वाचलं आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'म्हणजे जमीन कोणाची?' हसू नको. राजापूर तालुक्यात परका माणूस कागद घेऊन आला की लोकांना नाणारची रिफायनरी आठवते, जैतापूरचा अणुप्रकल्प आठवतो, २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर पोलीस बंदोबस्तात झालेलं माती परीक्षण आठवतं. तिथे सही मागणं म्हणजे सातबारा मागणं. सहीचा आग्रह धरू नको. सोप्या मराठीत सांग, त्यांचं 'हो' त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड कर आणि आपला फोन नंबर असलेला कागद त्यांच्याकडे ठेव. कागद तू त्यांच्याकडून न्यायचा नाही, द्यायचा.

याच्या उलट धोकाही आहे, आणि तो मला जास्त वाटतो. म्हातारे कलाकार तुला सगळं देतील. आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, जुने फोटो, प्रशस्तिपत्रं, पिशवीच उपडी करतील. कारण ज्येष्ठ कलावंतांना महिना ५,००० रुपये मानधन देणारी सरकारची योजना आहे आणि तिचा अर्ज करून वाट बघणारे गावोगाव आहेत. शहरातून शिकलेली मुलगी आली, कलेबद्दल विचारते आहे, लिहून घेते आहे, म्हणजे ही त्यातलीच. तू कितीही सांगितलंस की मी सरकारी नाही, तरी आशा तशी जात नाही. अशा आशेवर दिलेलं 'हो' खरं धरू नको. आधी मानधनाचा विषय तूच काढ, तुझ्या हातात काही नाही हे सांग, अर्जाचं काम अडलं असेल तर पंचायत समितीत कोणाकडे जायचं ते सांग, आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी घे. मधल्या रात्रीत पुष्कळ जण विचार बदलतात. बदलू देत. उत्पन्नाचा आकडा मात्र विचारूच नको. कमी सांगितला तर रेशन जाईल या भीतीने, जास्त सांगितला तर लाजेने, दोन्हीकडून तो खोटाच येणार.

कायद्याचं तू विचारलं होतंस. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि त्याचे २०२५ च्या नोव्हेंबरात आलेले नियम मी भाच्याकडून समजून घेतले. संशोधनाला त्यात मोठी सूट आहे: जमवलेल्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही आणि नियमांत सांगितलेली शिस्त पाळायची, म्हणजे गरजेपुरतंच घ्यायचं, गरजेपुरतंच ठेवायचं, नीट जपायचं. एक गोष्ट मला खटकली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला होता त्यात जात-जमात ही 'संवेदनशील' माहिती म्हणून वेगळी काढली होती. २०२३ च्या कायद्यात असा वेगळा वर्गच उरला नाही. जात आणि मोबाइल नंबर एकाच पारड्यात. तेव्हा कायदा पाळला म्हणजे झालं, असं तुला कोणी सांगितलं तर ऐकू नको. त्यातलं एक मात्र घेण्यासारखं आहे: परवानगी मागताना माहिती आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत मिळण्याची सोय त्यात आहे. सूट असली तरी मराठीतच दे. आणि नमनातली गौळण १८ च्या आतली असेल तर तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय रेकॉर्डर काढू नको.

आवाजाचं वेगळं सांगते. तुला वाटतं नाव काढलं की रेकॉर्डिंग निनावी झालं. शाहिराचा आवाज तीन तालुके ओळखतात. ते रेकॉर्डिंग टाइप करून घ्यायला इथल्या डीटीपीवाल्याकडे देऊ नको, त्याची सासुरवाडी नेमकी त्याच गावात निघते. आपोआप टाइप करून देणारं ते अॅपही नको, त्यात घातलेला आवाज कुठल्या देशात जाऊन पडतो ते तुलाही सांगता येणार नाही. स्वतः बस आणि ऐक. वेळ लागेल, पण प्रबंध तिथेच लिहून होतो. फाइलींना माणसांची नावं देऊ नको. क्रमांक कोणाचा हे सांगणारी यादी कागदावर, मुलाखतींपासून वेगळी, कुलपात. ड्राइव्हवर 'लिंक असलेला कोणीही' ही खूण दिसली तर ती आधी काढ. मैत्रिणीला गंमत म्हणून एकही तुकडा फॉरवर्ड करायचा नाही, कितीही सुरेख गायलेला असो. आणि नळावर, देवळात, आमच्या ओटीवरसुद्धा, एका घरातलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही. मला तर काहीच सांगू नको. मी विचारीन, कारण मला सगळ्यांत रस असतो, तरी सांगू नको.

एक प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारते आहे आणि त्याचं उत्तर मला धड सापडलेलं नाही. म्हातारा कलाकार मुलाखत देऊन वर्षभरात गेला, आणि त्याचा मुलगा तुझ्याकडे आला, की बाबांचा आवाज द्या. द्यायचा? पहिल्या वहीतला भाग द्यावा असं मला वाटतं, गाणी, चाली, सोंगांच्या गोष्टी. त्या त्याच्या घरच्याच आहेत. पण दुसऱ्या वहीत बापाने मुलाबद्दलच काही सांगितलेलं असलं तर? कायदा माणसाला आपल्या पश्चात आपले हक्क बजावायला कोणाचं तरी नाव देऊन ठेवू देतो, पण तुझ्या संशोधनाला तो लागू होवो न होवो, हा प्रश्न तू पहिल्याच भेटीत विचारावास: 'तुमच्या पाठी हे कोणाला द्यायचं, आणि कोणाला अजिबात द्यायचं नाही?' माणसं यावर गप्प होतात, मग एखादं नाव घेतात. ते नाव कुलपातल्या यादीत, त्याच्या क्रमांकासमोर लिही.

मे महिन्यात येऊ नको, आंब्यात कोणाला बोलायला वेळ नसतो. शिमग्यात तर नकोच, तेव्हा ते बोलत नाहीत, नाचतात, आणि तू नुसतं बघायला हवंस. गणपती उठले की ये. तोवर सुधारलेली प्रश्नावली पाठव, पण छापायच्या आधी दापोलीकडच्या कुणा दोघांना आणि राजापूरकडच्या कुणा दोघांना भरायला देऊन बघ. कुठल्या प्रश्नाशी पेन थांबतं ते मला कळव, उत्तरं नको.

तुझी,
आत्या